दोन पॉइंटांच्या मधला खेळ : उशिरा टेनिस शिकणाऱ्यांसाठी

तिशी-चाळिशीत पहिल्यांदा रॅकेट हातात घेणारी माणसं हल्ली क्लबात बरीच दिसतात. कुणाला डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. कुणी मुलीला सोडायला येतं, महिनाभर जाळीबाहेर बसून कंटाळतं आणि शेवटी स्वतःच आत येतं. ही मंडळी वेळ पाळतात, फी थकवत नाहीत, सांगितलेलं लक्ष देऊन ऐकतात. अडचण एकच असते. आपापल्या कामात ती तरबेज असतात, त्यामुळे पुन्हा अगदी कच्चं लिंबू होणं त्यांना फार जड जातं. सकाळी साडेसहाला समोर आठवीतली पोरगी जांभई देत चेंडू परतवत असते आणि ऑफिसात वीस माणसं हाताखाली असलेले साहेब सलग तिसरा चेंडू नेटमध्ये घालतात. त्या वेळचा चेहरा बघण्यासारखा असतो.

फोरहँड-बॅकहँड कोणताही बरा कोच शिकवेल, व्हिडिओही ढिगाने आहेत. मला सांगायचंय ते वेगळं. टेनिसच्या मॅचमध्ये बहुतेक वेळ चेंडू खेळात नसतोच. पॉइंट संपतो, चेंडू गोळा होतात, कुणी टॉवेल घेतं, स्कोअर सांगितला जातो. व्यावसायिक टेनिसमध्ये दोन पॉइंटांच्या मधे 25 सेकंद मिळतात, बाजू बदलताना 90 आणि सेट संपल्यावर 120. या मोकळ्या वेळात डोकं काय करतं त्यावर पुढचा पॉइंट ठरतो. टेनिस माणसाला जे काही शिकवतं, त्यातलं बरंचसं याच वेळात शिकवतं, आणि नेमका हाच भाग कोचिंगच्या तासाला राहून जातो. पुढच्या पायऱ्या मी त्या हिशेबाने लावल्या आहेत.

आधी चेंडू, मग बूट, रॅकेट शेवटी

नवशिके बरोब्बर उलट करतात. पहिल्या आठवड्यात भारी रॅकेट येते, पायात मात्र पळायचे जुने बूट असतात. पळायच्या बुटांचा तळ मऊ आणि उंच असतो, तो सरळ धावण्यासाठी केलेला. टेनिसमध्ये सारखं आडवं पळून करकचून थांबायचं असतं, तिथे घोटा मुरगळतो. म्हणून बूट टेनिसचेच घ्या. रॅकेट सुरुवातीला क्लबातली मागून घेतली तरी चालेल. विकतच घ्यायची असेल तर 270 ते 290 ग्रॅम वजनाची, मोठ्या डोक्याची घ्या आणि गटिंग (तारांची विण) फार ताणून करून घेऊ नका, कोपर वाचेल.

खरी गोष्ट चेंडूची. नेहमीचा पिवळा चेंडू 56 ते 59.4 ग्रॅमचा असतो आणि नवख्या माणसासाठी तो फार जोरात येतो, फार उंच उसळतो. यावर उपाय आहे. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा 75 टक्के सावकाश, नारंगी 50 टक्के, हिरवा 25 टक्के. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने 2012 पासून दहा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांमध्ये हे सावकाश चेंडू सक्तीचे केले. चांगला कोच मोठ्यांनाही सुरुवात त्यांच्यावरच करून देतो.

आणि इथेच पहिली कुरबुर होते. "सर, हा लहान मुलांचा बॉल आहे ना?" शेजारच्या कोर्टवरचे लोक बघतायत, हे त्या प्रश्नामागचं खरं दुखणं. पिवळा चेंडू हट्टाने घेतला की होतं असं: चेंडू खांद्यापर्यंत उसळतो, पाय लावायला वेळ मिळत नाही, माणूस घाबरून मनगटाने फटकारतो. चार महिन्यांनी ते मनगट पक्कं बसलेलं असतं आणि मग ते सोडवायला वर्ष जातं. नारंगी चेंडूने दोघांनी सर्व्हिस लाइनवर, म्हणजे नेटपासून 21 फुटांवर उभं राहून खेळायला सुरुवात करा. चेंडू कमरेच्या उंचीवर येतो, पाय जागेवर येतात, रॅकेट पूर्ण फिरते. पहिला दीड-दोन महिना एवढंच करा. बघणाऱ्यांना बघू द्या. तसंही ते स्वतःच्या बॅकहँडच्या काळजीत असतात.

आधी परत पाठवा

दुसरी पायरी मोजण्याची आहे. समोरच्याला हरवायचं नाही, दोघांनी मिळून रॅली, म्हणजे न चुकता चेंडूची देवाणघेवाण, वाढवायची. सहा झाले की आठचं लक्ष्य, आठ झाले की बारा. मोठ्याने मोजा. मोठ्याने मोजताना श्वास आपोआप सुटतो. नवशिके चेंडू येताना श्वास कोंडून धरतात, त्यावर इतका सोपा इलाज मला दुसरा माहीत नाही.

चेंडू कुठे मारायचा यासाठी भूमिती कामी येते. नेट मधोमध तीन फूट उंच असतं आणि खांबांजवळ साडेतीन. कोर्टची सरळ लांबी 78 फूट, पण एकेरीच्या कोर्टात कोपऱ्यापासून तिरप्या कोपऱ्यापर्यंत ती साडेब्याऐंशी फूट भरते. म्हणजे तिरपा फटका नेटच्या सर्वांत बुटक्या भागावरून जातो आणि त्याला पडायला जास्त जागाही मिळते. रेषेलगत सरळ मारायचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण टीव्हीवर तोच दाखवतात. तुम्ही शंभरदा तिरपा मारा. नेटवरून किमान तीन फूट वरून जाऊ द्या.

आपल्या पातळीवर पॉइंट जिंकले जात नाहीत, बहुतांशी घालवले जातात. कोणत्याही रविवारी सकाळी क्लबात बसून वही घेऊन मोजा: किती पॉइंट सुरेख फटक्यावर संपले आणि किती नेटमध्ये किंवा बाहेर गेल्याने. हा अभ्यास नवशिक्याने एकदा तरी करावा. नंतर "मला विनर मारता येत नाही" ही तक्रार बंद होते. क्लबातले साठीचे काका, पोट सुटलेलं, गुडघ्याला पट्टा, पंचविशीतल्या तगड्या पोरांना का हरवतात तेही कळतं. काका फक्त चेंडू परत पाठवतात. पोरगा चौथ्या फटक्याला कंटाळतो.

भिंत

कोर्ट मिळत नसेल, जोडीदार आला नसेल, तर भिंत. बऱ्याच जुन्या क्लबांत नेटच्या उंचीची पांढरी रेघ ओढलेली भिंत असते आणि ती दिवसभर रिकामी पडलेली असते. भिंत प्रत्येक चेंडू परत देते, तुमच्या ताकदीनेच देते. वीस मिनिटं पुरे. त्याहून जास्त वेळ राहिलात तर घाई शिकाल, कारण भिंतीवरून चेंडू माणसापेक्षा लवकर येतो. पावसाळ्यात मातीची कोर्टं बंद असतात तेव्हा छताखालची भिंत मिळाली तर उत्तमच, नाहीतर घरी दोरीवरच्या उड्या आणि आरशासमोर रिकाम्या हाताने सर्व्हिस.

हरण्याचा हिशेब

तीन-चार महिन्यांनी तुम्ही पॉइंट खेळायला लागाल आणि हरायला लागाल. इथे पुष्कळ जण सोडून जातात. म्हणून काही आकडे आधीच सांगून ठेवतो.

जून 2024 मध्ये रॉजर फेडररने अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात भाषण केलं. त्यात त्याने सांगितलं की कारकिर्दीतल्या एकेरीच्या 1526 सामन्यांपैकी जवळपास 80 टक्के त्याने जिंकले, पण एकूण पॉइंटांपैकी जिंकले फक्त 54 टक्के. फेडररसुद्धा जवळजवळ दर दुसरा पॉइंट हरत होता. तुमचा बॅकहँड नेटमध्ये गेला यात आभाळ कोसळण्यासारखं काय आहे?

उलटा हिशेबही त्याच्याच नावावर आहे. 2019 च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात त्याने 218 पॉइंट जिंकले, जोकोविचने 204. पाचव्या सेटमध्ये 8-7, सर्व्हिस फेडररची, 40-15, म्हणजे विजेतेपदासाठी दोन पॉइंट हातात. तरी करंडक जोकोविचने नेला, कारण तिन्ही टायब्रेक (गेम बरोबरीत आल्यावर सेटचा निकाल लावणारा जादा गेम) त्याने जिंकले. 2010 मध्ये विम्बल्डनलाच अमेरिकेचा जॉन इस्नर आणि फ्रान्सचा निकोला माहू यांची मॅच तीन दिवस चालली, एकूण 11 तास 5 मिनिटं, शेवटचा सेट 70-68. माहूने जास्त पॉइंट जिंकले आणि तोच हरला.

टेनिसच्या स्कोअरची रचनाच अशी आहे. क्रिकेटसारख्या धावा साठत नाहीत, फुटबॉलसारखं घड्याळ संपत नाही. पुढे असलात तरी वेळ काढून जिंकता येत नाही, शेवटचा पॉइंट स्वतःच जिंकावा लागतो. 0-6, 0-5, 0-40 असलात, म्हणजे हरायला एकच पॉइंट उरला असला, तरी नियमाने मॅच अजून तुमची होऊ शकते. नवशिक्याने यातून घ्यायचं ते इतकंच: 1-4 पडल्यावर खांदे पाडून उरलेले गेम घाईघाईत उरकू नका. ही घाई मी वर्षानुवर्षं बघतोय. माणूस मनात मॅच हरून मोकळा झालेला असतो आणि पाय नुसते कोर्टवर उभे असतात. त्या वेळी मुद्दाम सावकाश चाला, चेंडू स्वतः उचलून आणा, स्कोअर मोठ्याने सांगा.

हरल्यावर दर वेळी जिद्दीने तेच करत राहावं असंही नाही, बरं का. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर आधी टेनिसच खेळायचे. ज्युनियर स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णनकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. 1956 मध्ये क्वालालंपूरला सेलंगोर स्पर्धा जिंकून परदेशात बॅडमिंटनचं विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. टेनिस घरात परत आलं ते मुलाच्या हातून. गौरव नाटेकरने 1994 च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसबरोबर दुहेरीचं सुवर्ण जिंकलं.

पंचवीस सेकंदांत काय करायचं

आता मुख्य पायरी. जिम लोअर या अमेरिकन क्रीडा मानसशास्त्रज्ञाने अव्वल खेळाडू दोन पॉइंटांच्या मधे काय करतात याचा बारकाईने अभ्यास केला आणि त्याचे चार टप्पे मांडले: पॉइंट संपताच शरीराचा चांगला प्रतिसाद, मग सैल सोडणं, मग पुढची तयारी, मग ठरलेली सवय. मी ते क्लबातल्या माणसांना असे शिकवतो.

पॉइंट संपला, जिंकलात किंवा हरलात, रॅकेट दुसऱ्या हातात घ्या आणि नेटकडे पाठ करा. हे सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत अवघड. चूक झाल्यावर माणूस तिथेच उभा राहून चेंडू पडला त्या जागेकडे बघत राहतो, किंवा हवेत तोच फटका रागाने परत मारतो. पाठ केली की ते सुटतं.

मग मागच्या जाळीकडे चालत जा. नजर रॅकेटच्या तारांवर ठेवा. तारा बोटांनी सरळ करणारे खेळाडू टीव्हीवर पाहिलेच असतील. तारा सरकलेल्या असतात हे खरं, पण डोळ्यांना इकडेतिकडे भटकू न देणं हा त्यातला मोठा फायदा. एक लांब श्वास सोडा. घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या.

वळताना एकच गोष्ट ठरवा: पुढचा चेंडू कुठे मारायचा. "तिरपा, बॅकहँडकडे", बस. दोन गोष्टी ठरवल्यात तर एकही होणार नाही.

शेवटी रेषेवर येऊन तुमची ठरलेली सवय. सर्व्हिस असेल तर चेंडू तीन वेळा टप्पे, रिटर्न असेल तर दोन छोट्या उड्या. नादालच्या बाटल्या रेषेत लावण्यावर लोक हसायचे, पण फ्रेंच ओपन 14 वेळा जिंकलेल्या माणसाला काहीतरी कळत असणारच. तुम्हाला बाटल्या लावायची गरज नाही. रोज तेच करा म्हणजे झालं.

यात एक उपकलम आहे, स्वतःशी बोलण्याचं. चुकल्यावर तोंडातून काय निघतं ते आठवडाभर ऐका. "काय भिकार खेळतोय मी", "हे मला जन्मात जमणार नाही", "अरे बाबा, काय करतोस". यातल्या एकाही वाक्यात पुढच्या चेंडूसाठी उपयोगाचं काही नाही. त्याऐवजी जे झालं ते सांगा: "उशीर झाला", "चेंडू अंगाजवळ आला", "डोकं लवकर वर केलं". वाक्य चेंडूबद्दल किंवा शरीराबद्दल असावं, तुमच्या लायकीबद्दल नको. आमच्याकडे एक बँकेतल्या बाई येतात, त्यांना हे पटायला बराच काळ लागला. आता बॅकहँड चुकला की त्या पुटपुटतात, "पाय मागे राहिला," आणि पुढच्या चेंडूला पाय खरंच पुढे जातो. ऑफिसात कनिष्ठांच्या चुका सांगतानाही हेच वापरतात म्हणे. कोर्टवरची सवय कोर्टवरच राहावी असा काही नियम नाही.

क्लबातल्या मॅचला 25 सेकंदांचं घड्याळ कुणी लावत नाही, पण म्हणून मिनिट घालवू नका. समोरचा ताटकळतो. पंधरा-वीस सेकंद पुरतात.

दुसरी सर्व्हिस आधी शिका

सर्व्हिस हा टेनिसमधला एकच फटका असा की तो पूर्णपणे तुमच्या हातात असतो. समोरून काही येत नाही. चेंडू तुम्हीच उडवता, तुम्हीच मारता. आणि म्हणूनच इथे माणसं सर्वांत जास्त घाबरतात.

नवशिक्याचं ठरलेलं चित्र: पहिली सर्व्हिस सगळा जीव एकवटून, ती मागच्या जाळीवर. दुसरी नुसती टेकवलेली, लाजत-लाजत. कारण पहिली चुकली तरी दुसरी आहे, पण दुसऱ्यानंतर काही नाही. मी उलट शिकवतो. आधी अशी सर्व्हिस बनवा जी दहातून आठ वेळा आत पडते, मग जोर वाढवा. दुसरीवर भरवसा असला की पहिली मोकळ्या हाताने मारता येते.

टॉसकडे, म्हणजे सर्व्हिससाठी चेंडू वर उडवण्याकडे, जरा जवळून बघा. चेंडू तळहातात घट्ट धरलेला असतो, हात वर जाताना कोपर वाकतं, चेंडू बोटांतून सुटताना फिरतो आणि डोक्याच्या मागे जातो. मग माणूस कमरेत मागे वाकून, एका पायावर तोल सावरत, कसाबसा मारतो. चेंडू नेटमध्ये. त्याने मारलाच का? नियम असा की टॉस केल्यावर रॅकेट न फिरवता चेंडू पकडला किंवा पडू दिला तर तो फॉल्ट (चुकलेली सर्व्हिस) नाही. वाईट टॉस मारायची सक्ती कुणी केलेली नाही. तरी दहातले नऊ जण मारतात, कारण एकदा उडवला म्हणजे मारायलाच हवा असं त्यांना वाटतं, शिवाय "सॉरी" म्हणायला संकोच. आठवडाभर हा नेम करा: टॉस डोक्यासमोर, थोडा उजवीकडे (डावखुऱ्यांनी डावीकडे) नसेल तर पडू द्यायचा. सुरू केलेलं काम चुकतंय हे दिसल्यावर अर्ध्यात थांबवायची सवय याहून स्वस्तात कुठे मिळणार?

रेषेवरचा चेंडू

विम्बल्डनने 2025 पासून लाइन जज काढून टाकले, निकाल यंत्रं देतात. आपल्या कोर्टवर यंत्र नाही आणि पंचही नाही. आपल्या बाजूला पडलेल्या चेंडूचा निकाल आपण द्यायचा, समोरच्याने तो मानायचा. विचार केला तर ही व्यवस्था भलतीच आहे: ज्याचा फायदा-तोटा आहे, तोच न्यायाधीश. आणि ती चालते.

नियम थोडके आहेत. रेषेला जरासा लागला तरी चेंडू आत. निकाल लगेच आणि मोठ्याने द्या, हातही दाखवा. शंका असेल तर चेंडू आत. "मला वाटतं बाहेर होता" असा निकाल नसतो. वाटतं म्हणजे दिसलं नाही, म्हणजे आत. "परत खेळूया का?" हीही पळवाटच, दिसलं नाही त्याची किंमत समोरच्याने का द्यावी? मातीच्या कोर्टवर ठसा राहतो, तो दाखवता येतो, पण नेमका त्याच चेंडूचा ठसा हवा, नाहीतर शेजारचा कालचा ठसा दाखवणारे महाभाग असतातच.

1982 च्या फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी. 17 वर्षांचा स्वीडनचा मॅट्स विलँडर, समोर अर्जेंटिनाचा होझे लुइस क्लेर्क. मॅच पॉइंटवर क्लेर्कचा फटका बाहेर दिला गेला, मॅच संपल्याचं जाहीर झालं. विलँडर पंचांकडे गेला आणि चेंडू आत होता, असं जिंकायचं नाही म्हणाला. पॉइंट पुन्हा खेळला गेला, तोही त्यानेच जिंकला आणि पुढे अंतिम सामन्यात गिलेर्मो व्हिलासला हरवून स्पर्धाही. तो पुन्हा खेळलेला पॉइंट हरला असता, तर ही गोष्ट आज इतक्यांना माहीत असती का, ही शंका मला आहे. पण पंचांना हे सांगताना विलँडरला पुढचा निकाल माहीत नव्हता, हे विसरता येत नाही.

समोरचा खोटे निकाल देतोय असं वाटलं तर? एकदा विचारा, "नक्की?" एवढंच. हुज्जत घालू नका, आपल्या बाजूला बदलाही घेऊ नका. मॅच संपवा, हात मिळवा आणि पुढच्या वेळी त्याच्याशी खेळू नका. छोट्या क्लबात बातमी लवकर पसरते.

डबल्स

मोठ्यांचं टेनिस बहुधा डबल्सच असतं, कारण कोर्टं कमी आणि गुडघे जुने. इथे एक नवी अडचण येते: चूक दुसऱ्याची आणि पॉइंट तुमचाही जातो. त्या क्षणी जोडीदाराकडे बघण्याचेही प्रकार असतात. उसासा टाकणं, आकाशाकडे बघणं, जास्त समजूतदारपणे "असू दे, असू दे" म्हणणं. हे सगळं त्याला कळतं. चूक झाली की जवळ जा, हात किंवा रॅकेट टेकवा आणि पुढच्या पॉइंटचं बोला: "तू वाइड टाक, मी मधे येतो." मधल्या चेंडूवर "माझा" किंवा "तुझा" ओरडायचं आधीच ठरवा. दोघेही सभ्यपणे बघत राहतात आणि चेंडू मधून जातो, हे दृश्य दर रविवारी फुकट बघायला मिळतं.

उशीर झालाय असं वाटणाऱ्यांनी रोहन बोपण्णाचं उदाहरण घ्यावं. जानेवारी 2024 मध्ये वयाच्या 43 व्या वर्षी त्याने मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकली आणि दुहेरीत अव्वल क्रमांकावर पोचणारा सर्वांत वयस्क खेळाडू ठरला. गुडघ्यांतली कूर्चा झिजलेली. त्याला आधार मिळाला अय्यंगार योगाचा, जो बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यात घडवला. त्याच्या आदल्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने ऋतुजा भोसलेबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण मिळवलं. पहिला सेट 2-6 गेला होता. पुढे 6-3 आणि तिसऱ्या सेटऐवजी खेळला जाणारा दहा पॉइंटांचा सुपर टायब्रेक 10-4.

जाळीबाहेर उभे असाल तर

वर्षा-दोन वर्षांनी तुमच्यावर कुणाला तरी शिकवायची वेळ येते: स्वतःचं मूल, शेजारी, क्लबातला नवखा. दोन गोष्टी सांभाळा.

एक वेळी एकच सूचना. "पाय लाव, खांदा वळव, डोळे चेंडूवर, फॉलो थ्रू" हे सगळं एका चेंडूत कोणालाच जमत नाही. एक निवडा, दहा चेंडू तेवढंच. आणि सांगण्याआधी विचारा: "चेंडू रॅकेटच्या कुठे लागला?" उत्तर देण्यासाठी त्याला पुढच्या वेळी बघावं लागतं. बघितलं की निम्मं काम झालं.

मुलांच्या स्पर्धेत मूल प्रत्येक पॉइंटनंतर कुठे बघतं, हे पाहत जा. ज्या मुलाची नजर दर वेळी जाळीकडे, आई-बाबांच्या चेहऱ्याकडे जाते, त्याचे ते पंचवीस सेकंद त्याच्या हातात राहिलेले नसतात. बाबांनी नुसत्या भुवया उंचावल्या तरी पोचतं. म्हणून जाळीपासून लांब, बाजूला बसा, शक्यतो त्याच्या नजरेच्या रेषेत नको. 2025 पासून आंतरराष्ट्रीय नियमांनी ठरावीक मर्यादेत बाहेरून कोचिंगला परवानगी दिली आहे, पण परवानगी आहे म्हणून बोललंच पाहिजे असं नाही. परतीच्या गाडीत पहिला प्रश्न जेवणाचा असावा. मॅचचा विषय त्याने काढला तर बोला, नाहीतर उद्या.

पहिली मॅच

सहाव्या महिन्याच्या आसपास, आपल्याच पातळीचा कुणीतरी गाठा आणि सरळ सेट खेळायला जाऊ नका. टायब्रेकपासून सुरुवात करा. आधी सात पॉइंट करणारा जिंकला, फरक दोनचा हवा. पहिली सर्व्हिस एकच, मग प्रत्येकाला दोन-दोन, दर सहा पॉइंटांनी बाजू बदल. पंधरा-वीस मिनिटांत एक टायब्रेक संपतो, तासाभरात तीन-चार होतात. दर वेळी शेवटचे अवघड पॉइंट खेळायला मिळतात, आणि मधल्या वेळातल्या सवयी तिथेच पक्क्या होतात. ते अंगवळणी पडलं की चार गेमचा छोटा सेट, मग सहाचा.

प्रत्येक खेळानंतर वहीत दोन ओळी लिहा: आज पॉइंट कशाने गेले, आणि पुढच्या वेळी एक काय करून बघायचं. स्कोअर लिहिलात तरी चालेल, नाही लिहिलात तरी.

संपल्यावर नेटपाशी या, डोळ्यांत बघून हात मिळवा, कारणं सांगू नका. मातीचं कोर्ट असेल तर ब्रश ओढून, रेषा झाडून मगच बाहेर या. पुढची जोडी उभी असते आणि मार्कर (कोर्टची देखभाल करणारा माणूस) प्रत्येकाच्या मागे फिरू शकत नाही. आणि जाताना चेंडू कुणाचे होते तेवढं बघा. समोरच्याने आणले असतील, तर पुढच्या वेळचा चेंडूंचा डबा तुमचा.